तुपाचा डबा परत पाठवत आहे

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. ८ डिसेंबर १९५४

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,

शाहूपुरीहून धाकट्या ज्ञानूचा साष्टांग दंडवत. तुझी कंबर, दाजींचा दमा आणि म्हशीचं दूध, सगळं ठीक असावं. (म्हशीची चौकशी केवळ रीत म्हणून. गैरसमज नको.)

पत्रास कारण की, दिवाळीला तू दिलेला तुपाचा डबा आपल्या नेसरीच्या पिराजीबरोबर परत पाठवत आहे. रागावू नकोस. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, भातावर तुपाची धार धरून वाढवलंस, ते मी विसरलेलो नाही. पण निश्चय तो निश्चय. वर्गात पोरांदेखत कोटाची गुंडी तुटून उडाली, तेव्हाच मी फळ्यासमोर शपथ घेतली की तेल दिव्याला, वंगण चाकाला. माणसाला दोन्ही नकोत.

मग शिरोळला मेहुण्याच्या, म्हणजे आकारामच्या, पोराचं जावळ आलं. तांबड्या रश्श्यावर बोटभर तेलाचा कट! मी मास्तर माणूस. खिशातला टीपकागद काढून तो टिपू लागलो. कागद शाईचा, वापरलेला होता, हे ध्यानातच आलं नाही. रश्श्याला जो रंग आला तो कोल्हापुरात आजवर कुणी पाहिला नसेल. आकाराम पंगतीत ओरडला, "पावणं, कालवणात इख घातलंय म्हणून तपासताय व्हय?" तेव्हापासून तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही. (भाकरी मात्र आपटून वाढते.)

तरी मी हटलो नाही. अंगाची साल निघू लागली, टाचा भेगाळल्या, हात धुतोय तोवर पुन्हा भूक. तेव्हा पाटीभर गाजरं आणून कोरडीच चावत बसलो. शेवटी डॉक्टर गाठले. ते म्हणाले, "मास्तर, स्निग्ध काही पोटात नसेल तर गाजरातलं जीवनसत्त्व आल्या पावली परत जातंय की! काही स्निग्ध द्रव्यं तर शरीराला स्वतः करताच येत न्हाईत, बाहेरनंच यावी लागतात. चमचाभर घ्या. पण तुमचं सगळंच टोकाचं. एक तर डबा, न्हायतर उपास." मी ठणकावून सांगितलं, तुमचं म्हणणं पटलं, पण शपथ म्हणजे काय खडू आहे, मोडायला? म्हणून डबा परत.

तुझा दृढनिश्चयी भाऊ,
ज्ञानू

ता. क. डबा हलका लागला तर पिराजीवर संशय घेऊ नकोस. बिचारा सरळ माणूस आहे.

दुसरा ता. क. डबा रिकामा आहे. दवाखान्यातून आल्यावर झाकण घट्ट आहे का ते बघायला उघडलं. तुझ्या कढवलेल्या तुपाचा वास आला, तुझी चूल आठवली. पुढचं विचारू नकोस.

तिसरा ता. क. पिराजी परत येताना मोकळ्या हातानं नको. आता रोज चमचाभरच. चमचा तुझ्या भावजयीच्या ताब्यात राहील, असा निश्चय तिनं केला आहे. आणि तिचे निश्चय मोडत नाहीत.