जिन्यातला ठिपका

ती. मामा यांस,

भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे आत्ता सहाच अंगं टेकवली आहेत, उरलेली दोन भेटीत टेकवीन.) तुमची तब्येत कशी आहे? मामीचा गुडघा काय म्हणतो? दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंपांच्या जळक्या मोटारी तुम्ही अजून नाकाने हुंगूनच तपासता, की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तोंडाला फडकं बांधता? बांधत नसणारच. इकडे सर्व क्षेम आहे. खोली स्वच्छ आहे, खिडकी चांगली मोठी आहे, आणि तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत अगदी स्पष्ट दिसते.

मी निघाले तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, की हे डेटा आणि संगणकीय विज्ञान म्हणजे नेमकं करतात काय, आणि मी ‘खूप स्कोप आहे हो मामा’ म्हणून गाडीत बसले होते. खरं म्हणजे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आता थोडं कळलंय. ढीगभर आकडे घ्यायचे, त्यातले वेडेवाकडे निवडून फेकायचे, उरलेल्यांचं चित्र काढायचं आणि त्याकडे बोट दाखवून ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ असं म्हणायचं. आईला हे उपजतच येतं. मला मात्र त्यासाठी मास्टर्सची दोन वर्षं घालवावी लागणार आहेत. मधेमधे कॉम्प्युटर रात्रभर गणित करत बसतो आणि सकाळी ‘चूक आहे’ एवढंच सांगतो, कुठे ते सांगत नाही. (हेही आईसारखंच.)

तर आमच्या बाईंनी (फार हुशार, आणि इतक्या हळू बोलतात की पहिल्या बाकावरच्यांनाच ज्ञान मिळतं) वर्गातल्या प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला अडकवला. जेवणाच्या सुट्टीत कोण कोणाशी किती वेळ बोललं आणि इमारतीत कुठे होतं, एवढं तो बिल्ला टिपतो. (काय बोललं ते टिपत नाही, नाहीतर वर्गातली दोन जमलेली प्रकरणं तिथेच मोडली असती.) आठवडाभराने सगळे आकडे आमच्या हातात दिले, पण कोणाला संकोच वाटू नये म्हणून नावं काढून. प्रत्येकाने त्यावरून वर्गाचं चित्र काढायचं होतं. माणूस म्हणजे ठिपका आणि बोलणं म्हणजे रेघ.

माझं चित्र फार सुरेख आलं, मामा. जेवणाच्या खोलीतल्या टेबलांचे घोळके कसे छान उमटले होते, आणि एका घोळक्यातून दुसऱ्यात चहाड्या पोचवणारी माणसंसुद्धा ओळखू येत होती. फक्त एक ठिपका कोपऱ्यात पडला होता. त्याला रेघ म्हणून एकही नाही. रोज दुपारी तो तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, एकाच जागी, सुट्टी संपेपर्यंत. मी लगेच छडा लावला. भर वर्गात उभी राहून मी सांगितलं, की हा बिल्ला कोणाच्या तरी गळ्यातून निसटून जिन्यात पडलेला असणार, कारण जिवंत माणूस रोज दुपारी एकटा जिन्यात कशाला जाऊन बसेल? वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. तो ठिपका मी चूक म्हणून काढून टाकला आणि माझं चित्र सगळ्यांत नीटनेटकं ठरलं. बाई म्हणाल्या, आपण ते व्हरांड्यात लावू. टाळ्या झाल्या. इथे आल्यापासून माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे डबा घेऊन जेवायला बसले. कुठे, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला पहिला घास तोंडात जावा लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझा वळसा फारच मोठा झाला. (जेवणाच्या खोलीत बसायचं तर ‘इथे कोणी बसलंय का’ असं विचारावं लागतं. मी ते वाक्य मनात जुळवेपर्यंत तिथे कोणीतरी बसतंच. जिन्याला विचारावं लागत नाही.) मामा, मी स्वतःलाच केर म्हणून झाडून टाकलं होतं आणि वर शाबासकी घेतली होती. खूप रडू आलं. डबा संपवला, पण रडतच.

मग मी बाईंकडे गेले. तो ठिपका मी आहे हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून शास्त्राच्या आडोशाला उभी राहिले. म्हटलं, बाई, पुराव्याशिवाय आकडा काढणं बरं नव्हे, तो ठिपका परत ठेवते. बाईंना माझ्या सचोटीचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ते चित्र दुप्पट मोठं करून लावलं. ठिपकाही दुप्पट मोठा झाला.

आता चित्रापुढे गर्दी जमली. हा कोण असेल, बिचारा, कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, अशी हळहळ सुरू झाली. मी मागे उभी होते. आता बोलावं की मग बोलावं, असं चाललं होतं. मला वाटलं, एकदा तोंड उघडलं की झालं. तेवढ्यात आमच्या वर्गातला गिटारवाला (गिटार कोणी ऐकलेली नाही, पिशवी सगळ्यांनी पाहिली आहे) पुढे झाला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, ‘‘हा मीच आहे रे.’’ ज्याच्याभोवती रोज दुपारी माशी शिरायला जागा नसते, तो! पण कोणाला शंकाच आली नाही. मुलींनी डोळे पुसले. दोघांनी त्याला मिठी मारली आणि सगळे त्याला घेऊन बाहेर जेवायला गेले. मीसुद्धा त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘होतं असं कधीकधी’ म्हणाले. त्याला लबाड म्हणवत नाही. त्या घोळक्यात बसून त्याला खरंच तसं वाटत असेल. पण मामा, माझ्याकडे इथे तेवढा एक ठिपका होता, तोही दुसऱ्याने नेला. व्हरांडा रिकामा झाल्यावर मी डबा घेऊन वर गेले.

असो. अभ्यास उत्तम चालू आहे. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना गालगुच्चे, आणि मधल्या वयाच्यांना माझ्यासारखंच काही नाही.

तुमची,
भाची

ता. क. : सुट्टीत मैत्रिणींबरोबर डोंगरावर जाणार आहे असं मी आईला सांगितलंय आणि तिने ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. डोंगर आहे, मैत्रिणी नाहीत. तेव्हा तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात काढता येईल का? ‘जवळ भाचीच हवी’ असा हट्ट धरा. हट्ट तुम्हाला शोभतो.

ता. क. दुसरा : मोतीबिंदू अजून पिकला नसेल तर दुकानातला कॉम्प्युटर बिघडला म्हणा. मी तेवढ्यासाठीच शिकतेय असं निम्म्या घराला वाटतंच.

ता. क. तिसरा : हे दोन्ही खोडायचं होतं, पण दुसरा कागद नाही. मला घरी यायचंय, मामा. फोन केलात तर ‘कशी आहेस’ विचारू नका, मी ‘मजेत’ म्हणेन, तोंडाला सवय लागली आहे. नुसतं ‘ये’ म्हणा.