सत श्री सुकाळ

माय,

सध्या मी पंजाबी शिकतेय. हसू नकोस. तुझ्या नातीनं लुधियानाचा मुलगा पसंत केलाय, आणि विहीणबाईंशी पहिलं बोलणं त्यांच्या भाषेत व्हावं, हा माझाच हट्ट. पोरगी त्या घरात नांदायला जाणार आणि तिची आई मूग गिळून बसली तर कसं दिसेल? म्हणून रोज चहा घेताना मोबाइलवरचा धडा ऐकते. "किवें ने" म्हणजे कसे आहेत, असं कुणी विचारलं की "ठीक ने" म्हणायचं, एवढं पाठ झालंय. पण पहिलाच शब्द आला सत श्री अकाल, आणि मी थेट तुझ्यापाशी येऊन पोचले.

तो दुष्काळ. बायकांच्या दूध संस्थेची तू चेअरमन, आणि सगळ्यांची गुरं दावणीला नुसती हाडं होऊन उभी. पंजाबातून भुशाचा ट्रक आला खरा, पण नांदूरघाटच्या फाट्यावरच थांबला. गावाकडचा खडकाळ रस्ता बघून सरदारजी ड्रायव्हर चिडलेला, इथंच रिकामा करतो म्हणतोय. तिथं टाकलेल्या भुशातला संस्थेपर्यंत किती पोचला असता, हे तुला चांगलं ठाऊक. संस्थेचे सचिव तुझ्या कानाशी लागतात, "आधी सत श्री अकाल म्हणा, मग बोला." तू त्यांच्यावरच उखडतेस. "अकाल म्हंजी दुष्काळच की! रेडिओवर हिंदी बातम्यांत रोज सांगत्यात. जित्राबं मरायला टेकली अन् त्याचंच नाव कावून घिऊ? मी न्हाई घेणार." आणि पदर खोचून, हात जोडून, खणखणीत आवाजात म्हणालीस, "सत श्री सुकाळ, भाऊ!"

सचिवांनी कपाळाला हात लावला. मी लाजेनं तुझ्यामागे लपले. ड्रायव्हरनं सचिवांना अर्थ विचारला, आणि कळल्यावर असा हसला की दाढी हलली. मग तुला तसेच हात जोडून त्यानं ट्रक संस्थेच्या दारात आणला, भुसा उतरवायलाही हात लावला. आपली गाय त्या भुशावर तगली. परक्या माणसाशी चुकतमाकत का होईना बोलायचं, हे मी तुझ्याकडूनच घेतलं, माय, आणि त्यावर माझं आयुष्य निभावलं. धड्यातल्या बाई सांगतात, अकाल म्हणजे ज्याला काळ शिवत नाही तो. तुला हे माहीत नव्हतं तेच बरं झालं.

काल विहीणबाईंचा फोन आला. मी सगळं नीट म्हटलं, त्या खूश झाल्या. मग त्यांनी तुझी चौकशी केली, "माताजी किवें ने?" पाठ झालेलं तोंडातून निघून गेलं, "ठीक ने." पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे सांगण्यापुरतं हिंदी मला येतं. पण मी सांगितलं नाही.