भट्टीवाल्या मावशींचा प्रश्न

६ फेब्रुवारी

ती. नाना व ताई यांस,
सा. न. वि. वि.

दोघांची पत्रं एकदमच मिळाली. नानांनी माझ्या तब्येतीची चौकशी केलीय आणि ताईने माझ्या लग्नाची, म्हणजे घरी सगळं जागच्या जागी आहे. फोन इथे अजून मुकेच आहेत, तेव्हा पत्रांवरच भागवा.

माझी खोली एका न्हाव्याच्या दुकानावर आहे. खिडकीची एक काच अजून बसवलेली नाही, तिथे पुठ्ठा लावलाय. लढाई थांबून दोन वर्षं झाली, पण नदीच्या अलीकडचे लोक पलीकडे जात नाहीत आणि पलीकडचे इकडे येत नाहीत. पूल आहे, त्यावरून आमच्या संस्थेची गाडी तेवढी जाते. या माणसांना एका टेबलाशी बसवणं हे आमचं काम. नाना, तुम्ही शाळेत भांडलेल्या पोरांना मैदानावर समोरासमोर उभं करायचात, तसंच. फक्त इथे कुणाचा कान धरता येत नाही.

गेल्या आठवड्यात पाण्यासाठी बैठक झाली. पंप पलीकडच्या काठावर, टाकी अलीकडे, त्यामुळे दोघं हो म्हणेपर्यंत दोन्हीकडे बादल्याच. आमचा दुभाष्या दाढदुखीने गाल धरून घरी बसला होता, म्हणून इकडचं बोलणं तिकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. अलीकडून पावाच्या भट्टीवाल्या मावशी बोलल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा पंपावर कामाला होता, तो लढाईत गेला. पलीकडून पंपाचा मिस्त्री आला होता, ज्याच्या हाताखाली तो मुलगा काम करायचा. मावशी बोलल्या, मी सांगितलं, मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने मान डोलावली. मग मावशींनी आपणहून हात पुढे केला. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. त्याच आठवड्यात पंप सुरू झाला.

आमच्या मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. पेपरात त्या हात मिळवण्याचा फोटो आला, त्याचं कात्रण सोबत पाठवतेय. टाळ्या चालल्या असताना कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी जमिनीकडे बघतेय. फार लोकांना दाखवू नका.

ताई, भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची
ठकू


२८ फेब्रुवारी

प्रिय ठकूस,
अ. आ.

फार लोकांना दाखवू नका म्हणालीस तिथेच चुकलीस. कात्रण पाकिटातून निघालं ते नानांच्या हातात. त्याच संध्याकाळी त्यांनी ते प्लास्टिकमध्ये घालून आणलं, आणि तेव्हापासून ते रोज त्यांच्याबरोबर फिरायला जातं. बागेतल्या कट्ट्यावरच्या मंडळींना वाटतंय की लढाई तूच थांबवलीस आणि सैन्य नुसतं बघत होतं. मी एकदा म्हटलं की नाना, ती पाण्याची बैठक होती. त्यावर म्हणाले की शिंप्याच्या सुईला पाण्याचं महत्त्व काय कळणार. झालं, माझ्या दुकानाचाही उद्धार झाला.

आता तुझं पुढचं पत्र आलं की रविवारी घरी सगळ्यांना बोलावून ते वाचून दाखवायचं ठरलंय. नानांचे जुने विद्यार्थी येणार, ज्यांना त्यांनी उन्हात पळवलं तेसुद्धा. खुर्च्या शेजारून आणायच्या आणि चहा मी करायचा. तेव्हा पत्र जरा चांगल्या अक्षरात लिही.

एक विचारू? फोटो मी दुकानात भिंगाखाली धरून पाहिला. लहानपणी माझी रिबन हरवून यायचीस तेव्हा तुझी मान अशी असायची. तब्येत बरी आहे ना?

मी इथे आहेच. माया आहे तशीच आहे.
ताई


२१ मार्च

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे, म्हणून पाकिटावर तुझं एकटीचं नाव घातलंय. नानांना यातलं काही सांगू नकोस.

परवा भट्टीवाल्या मावशी माझ्या खोलीवर आल्या. फडक्यात बांधलेला गरम पाव टेबलावर ठेवला, धाप लागली होती म्हणून जरा बसल्या, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं की तो कधी येणार. मी विचारलं, कोण. त्या म्हणाल्या, मिस्त्री. त्याने सगळ्यांसमोर मान डोलावली होती, मग इतके दिवस का लावतोय. घरात काही अडचण असेल तर त्या स्वतः पुलापर्यंत जायला तयार होत्या.

ताई, आता खरं लिहिते. त्या बैठकीत मावशी काय बोलल्या ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. त्या मिस्त्रीला म्हणाल्या होत्या की पाणी सोड नाहीतर नको सोडू, मी माफ करायला आलेली नाही. माझ्या मुलाला पंपघरातून ओढून नेलं तेव्हा तू आतून दार लावून घेतलंस. खिडकीतून तू सगळं पाहिलंस. त्याला कुठे पुरलंय ते तुला माहीत आहे, तेवढं मला सांग. त्यांनी मुलाचं नावही घेतलं होतं.

आणि मी पलीकडच्या भाषेत काय सांगितलं? की या बाईंनी खूप सोसलंय आणि आता पाणी सुरू व्हावं एवढीच त्यांची इच्छा आहे.

मी आधी ठरवून गेले नव्हते. मावशी बोलत होत्या तेव्हा पलीकडची दोन माणसं खुर्च्या मागे सरकवून उठायच्या बेतात होती. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आत्ता हे मोडलं तर पुन्हा कुणी या टेबलाशी बसणार नाही. तोंड उघडलं तर वाक्य तयारच होतं. मिस्त्री रडला आणि म्हणाला की त्या दिवसांचं ओझं त्याच्याही छातीवर आहे, हातून होईल ते करीन. हे मात्र मी मावशींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना वाटलं, हे त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे. त्याने सांगायचं कबूल केलं, म्हणून त्यांनी हात पुढे केला. त्या हाताचा फोटो नाना बागेत दाखवत फिरतायत.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. परवा तरी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले की येईल, थोडा धीर धरा. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाव गार व्हायच्या आत खा म्हणाल्या. त्या गेल्यावर मी तो पाव उचलून खाली न्हाव्याला देऊन आले.

रस्त्यात लोक मला थांबवून हात मिळवतात. मी आता मागच्या गल्लीने जाते.

काय करू ते सुचत नाही. रागव, पण लिही.
तुझी
ठकू


१२ एप्रिल

प्रिय ठकूस,
अ. आ.

तुझं पत्र मी वाचायच्या आधी नानांनी वाचलं. पाकिटावर माझं नाव होतं, पण घर एकच आहे म्हणत त्यांनी ते फोडलं, तेही रविवारी, माणसं जमल्यावर, सगळ्यांसमोर. आधी वाचलं तर मजा जाते म्हणाले होते. मी आत चहा गाळत होते.

पहिलं वाक्य त्यांनी वाचलं असावं, मग आवाज थांबला. त्यांनी पाणी मागितलं, चष्मा पुसला आणि पुन्हा सुरू केलं. मी कपांचा ट्रे घेऊन दारात उभी राहून ऐकत होते. नाना वाचत होते की घरोघर पाणी आलंय, लोक रस्त्यात थांबवून हात मिळवतात, भट्टीवाल्या मावशी रोज गरम पाव आणतात आणि तुला लेक म्हणतात. नदीवरच्या पुलावर आता दोन्हीकडची मुलं खेळतात, असंही होतं. माझे डोळे भरून आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने नानांच्या पाया पडून घेतलं.

माणसं पांगल्यावर नानांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी ते वाचलं. पुलावरची मुलं त्यात कुठेच नव्हती.

मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. रात्रीचं जेवण मी आदळआपट करून वाढलं, तुझे भाऊजी बिचारे मीठसुद्धा स्वतःच उठून घेऊन आले. मग वाटलं, माझ्यासमोर माणसं अशी उठायला लागली असती तर मी काय केलं असतं? मला ठाऊक नाही. मी कपडे शिवते, माझ्या हातून चुकलं तर उसवता येतं. पण ती बाई रोज भट्टीच्या दाराकडे बघत असेल ठकू. तुला जमेल न जमेल, तिचं ते वाट बघणं आधी थांबव.

नानांनी वेगळी चिठ्ठी लिहिलीय. माझ्यासमोर चिकटवली, मी वाचलेली नाही.

राग आहे आणि मायाही आहे. दोन्ही पाठवतेय.
ताई


१२ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडलं, ही माझी पहिली चूक. दुसरी ताईने लिहिली असेल.

माणसं खुर्च्यांवर बसली होती. तुझं कौतुक ऐकायला आली होती. पत्रात काय आहे ते लक्षात आलं तेव्हा मी कागद खाली ठेवू शकलो असतो, डोकं दुखतंय म्हणू शकलो असतो. मी वाचत राहिलो आणि तोंडातून भलतंच निघत गेलं. एकाला एक जोडत गेलो, आणि फार सोपं होतं ते. शाळेत खोटं बोललेल्या मुलाला मी सगळ्यांसमोर उभं करून कबूल करायला लावायचो. त्यांतलेच दोघंतिघं समोर बसून टाळ्या वाजवत होते.

नंतर मी त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाच्या घरी गेलो आणि पत्रात खरं काय होतं ते सांगितलं. तुझी चूक सांगायचा मला हक्क नव्हता, तरी ती लपवून माझी सांगता येत नव्हती. काहींनी मान खाली घालून ऐकलं. एकाने मला बाहेर फाटकापर्यंत सोडलं आणि समजावलं की घरातल्या गोष्टी घरात ठेवाव्यात, मुलीचं लग्न व्हायचंय. सध्या मी बागेत जात नाही. जाईन पुढे.

मला तुझी लाज वाटली नाही, असं लिहिणार होतो. पण तेही मग बदलून लिहिल्यासारखंच होईल. वाटली. माझीही वाटली.

त्या मावशींकडे जा. मग त्या मिस्त्रीकडे जा. मला शहाणपणा सांगता येत नाही, तेवढं सांगतो.

तुझा
नाना


१७ मे

ती. नाना व ताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमची पत्रं मिळाली त्याच दिवशी दुपारी मी भट्टीवर गेले. मावशी लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. शेवटचा पाव आत गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की मुलाचं नाव तरी त्याच्या कानावर गेलं होतं का. नाव तर सगळ्या भाषांत तेच असतं, पण मी ते माझ्या बोलण्यात घेतलंच नव्हतं, आणि मिस्त्री तेव्हा माझ्याकडे बघत होता, मावशींकडे नाही. मी म्हणाले, नसेल गेलं. त्या म्हणाल्या की पुढे गिऱ्हाइकं आहेत, मागच्या दाराने जा.

मग मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या की पंप बंद पडला तर पुढच्या सगळ्या बैठका गेल्या, हे समजून मिस्त्रीकडे जाणार असशील तर जा. सध्या मी गोदामात ब्लँकेटांच्या घड्या घालते, बैठकांना मला बसवत नाहीत. ते योग्यच आहे.

पंपघरात मिस्त्री यंत्राला तेल घालत होता. मावशी जे बोलल्या होत्या ते या वेळी मी नावासकट, एक शब्द न गाळता सांगितलं. त्याने विचारलं की मग तिने हात का दिला. मी म्हणाले, तुमचं मान डोलावणं तिला जागा सांगायचा होकार वाटलं. तो पायरीवर बसला. म्हणाला की त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं होतं, त्या माउलीने काही न विचारता मला सोडलं. तेव्हापासून त्याला झोप लागत होती. मग त्याने मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडे. मिस्त्रीने पंप बंद ठेवला होता, आणि त्याचं कारण सगळ्या गावाला कळलं होतं. पुन्हा बादल्यांची रांग लागली, ती नेमकी माझ्या खिडकीखालून जायची. मीही बादली घेऊन रांगेत उभी राहायचे. कुणी शिव्या दिल्या नाहीत. पुढची बाई सरकली की मी सरकायचे, एवढाच आमचा संबंध. खालचा न्हावी मला बघून आरसा पुसायला लागायचा.

आठवडाभराने मिस्त्री एकटा पुलावरून चालत आला. त्याने निरोप धाडला की मावशींशी बोलायचंय. मावशी हो म्हणाल्या, पण मधे दुभाष्या असेल, ती मुलगी नको. मी भट्टीसमोरच्या फुटपाथवर थांबले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुभाष्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा मावशींनी शाल घेतली होती आणि मिस्त्रीने वाटेत कुणाकडून तरी फावडं मागून घेतलं. दोघं पूल ओलांडून पंपघरामागच्या पडीक जमिनीकडे गेले. त्याला जागा माहीत होती.

पंप आता दुसरा माणूस चालवतो. मिस्त्रीने पोलिसांसमोर जबाब दिलाय, पुढचं त्यांच्या हाती.

काल मावशींनी मुलाला अलीकडच्या बाजूला नेऊन नीट पुरलं. मी आलेलं चालेल का, असं मी दुभाष्याकडून विचारलं होतं. उत्तर आलं की येऊ दे, पण तिथे तिने तोंड उघडायचं नाही.

मी गेले आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिले. पलीकडची माणसंही आली होती, थोडीच, पण आली होती. पुढे मावशी मुलाबद्दल काहीतरी सांगत होत्या, तो लहान असतानाचं. माझ्या शेजारी पलीकडची एक म्हातारी होती, तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने माझा दंड धरून तिच्या भाषेत विचारलं की ती आई काय म्हणतेय. मला शब्द न् शब्द कळत होता. मी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा मी मान हलवली. मग तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, तिला वाटलं असावं की मला बोलता येत नाही. ती बिचारी शेवटपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

लोभ मागायला संकोच वाटतो, तरी मागते.
तुमची
ठकू