स्टिकरच्या बाहेरचा कावळा

अकोट,
१९ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय ललिताबाईले,
तुमच्या वहिनीचा, जयवंताचा नमस्कार.

इकडं सारं बरं हाय. थंडी भल्ली पडून राहिली. झेंडू संपला, शेवंतीचे तोडे चालू हायेत. तुमच्या पायाचं पलस्तर निघालं असं योगेशकडून समजलं. जिना चढता येते का आता? उगाच घाई करू नका.

कागदावर लिवून राहिली म्हनून नवल वाटंल. काय करू वो बाई, तुमी मले फोनवर ब्लॉक केलं, व्हॉट्सअपवर केलं. खुशीच्या फोनवरून लावला तं माहा आवाज ऐकून तुमी ठेवून देला. पोस्टमनले काई ब्लॉक करता येत नाई.

खुशीचं साक्षगंध ठरलं, ९ फेब्रुवारीले. बाप गेल्यावर वर्षाच्या आत लग्न नाई झालं तं तीन वर्षं थांबा लागते, तुमाले माईतच हाय. आनि आपल्या घरची रीत, पोरीले पयलं कुंकू आत्या लावते. पोरगी म्हनते, आत्या नसंल तं मी पाटावर बसत नाई. तिचा हट्ट कोनावर गेला ते मी सांगत नाई.

तुमचा तो मेसेज मी अजून ठेवला हाय. “वहिनी, माझ्या दादाच्या दहाव्याला तुम्ही खदाखदा हसलात. सगळं जग बघतंय. यापुढे मला फोन करू नका.” तुमी मास्तरीन, तुमी शुद्ध लिवता. पन लय लागलं.

तुमी पाय मोडून अमरावतीले पडल्या होत्या म्हनूनच माह्या भाच्यानं, योगेशनं, नदीवरचा व्हिडिओ काढला. तुमाले दाखवाले. नातेवाईकायच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठं कुठं गेला, आनि कोनीतरी माह्या हसन्याचा तेवढा तुकडा कापून त्याचं स्टिकर बनवलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, पदर घसरलेला. खाली लिवलं, ‘उद्या सुट्टी हाय म्हनते!’ तुमच्या शाळेच्या ग्रुपवर तो तुमच्याच एका मॅडमनं पाठवला, हे मले मागून समजलं. तुमाले कसं वाटलं असंल ते समजते मले.

राग तं मलेही आला होता. पन मंग मनात दुसराच किडा वळवळाले लागला. हे लोक हायेत तरी कोन? मी फुलं तोडनारी बाई, माह्या तोंडाशी या लोकायचं काय काम? खुशीले म्हनलं, दाखव. दुपारी हार गुंफता गुंफता ती वाचून दाखवे. पेपर बिघडलेले पोरं मले पाठवतात. बायको माहेरी गेलेले नवरे पाठवतात. सेमाडोहले वाघ पाहाले गेलेल्या अन् माकडं पाहून आलेल्या एका मानसानं पाठवलं. एक बाई लिवते, “सासू अन् मी बोलत नाही, पण या काकूंचा फोटो एकमेकींना पाठवतो.” हे मले फार आवडलं. दोनदा वाचाले लावलं.

एका जागी कोनी इचारलं होतं, काकू नेमक्या कशाले हसल्या? खाली ही लांब रांग! जावयानं भाषन केलं असंल. निवडनुकीत शेजारी पडला असंल. एकानं लिवलं, नवऱ्यानं पयल्यांदा सैपाक केला असंल. ते ऐकून मी उठली अन् वावरात जाऊन बसली थोडा वेळ. आली तं खुशी म्हने, आई, हे पाह्य. सूर्यफुलाचा फोटो लावलेल्या कोन्या अनोळखी मानसानं लिवलं होतं, “नीट पाहा. ही बाई हसून नाई राहिली.” कोन असंल वो तो? त्याले कसं समजलं?

खुशीनं स्टिकर बनवनाऱ्याचा पत्ता काढला, अन् शेवटी मीच दर्यापूरले गेली. नितेश नावाचा मानूस हाय, मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं, अन् वऱ्हाडी गमतीचं एक पेज चालवते. तो तुकडा त्यानंच कापला होता. मले पाहून त्याच्या हातातला पेचकस खाली पडला.

“काकू, तुमी खऱ्या हाय?”

“कावून, खोटी असाले पाहिजे होती का?”

त्याले वाटलं मी भांडाले आली. “आईची शप्पथ काकू, मले दहाव्याचं माईत नोतं. मले आला तोच तुकडा लहान होता. त्याच्या कोपऱ्यात काईतरी काळं येत होतं, म्हनून तेवढं कापलं.”

ते काळं म्हनजे कावळा होता, बाई. त्या बिचाऱ्याले म्हनलं तं तो डोकं धरून बसला. काढून टाकतो म्हने. मी म्हनलं, राहू दे आता, लोकायच्या फोनमंदून तू कसा काढशीन? फक्त नवऱ्याचं नाव घेऊन काई लिवू नको. चहा पाजला त्यानं. जाता जाता इचारलंच, “पन काकू, तुमी हसल्या कशाले?” मी सांगतलं नाई. पयले तुमाले सांगावं असं वाटलं.

आता टाळत नाई. सांगून टाकतो.

पिंड ठेवला होता. कावळे बाभळीवर बसले होते, पन एक उतरंल तं शप्पथ. चुलत दीर पंजाबराव हात जोडून म्हनले, खुशीचं लग्न वर्षाच्या आत करू. नाई आला. माहा भाऊ म्हने, वावर विकू देनार नाई. नाई आला. गुरुजी म्हनाले, आनखी काही इच्छा राहिली का पाहा. ऊन डोक्यावर आलं. सारे माह्याकडं पाहून राहिले. अन् मले माईत होतं तुमच्या भावाले काय पाहिजे ते.

लग्न झाल्यापासून आमचं एकच भांडन होतं, बाई. वावरात गोवऱ्यायवर कनकेचे रोडगे भाजाचा बेत झाला की तुमचे भाऊ म्हनत, “रोडग्यावर वांग्याची भाजी खावी तं माह्या ललिताच्या हातची. तुह्या हातची नाई. एकदा म्हन तुह्या तोंडानं.” मी कदी म्हनलं नाई. दवाखान्यात नाकाले नळी लावली होती, तरी बोट वर करून म्हने, “म्हन.” मी म्हनलं, घरी चाला, मंग म्हनन.

ते घरी आले नाई.

तं त्या दिवशी मी पदर तोंडावर घेतला अन् हळूच म्हनलं, “बरं बापा, तुमच्या बहिनीचीच भाजी चांगली.” माह्यं बोलनं पुरं होत नाई तं कावळा उतरला अन् चोच मारून मोकळा! लग्न नको, वावर नको, त्यायले हेच पाहिजे होतं! मेल्यावर बी जिकले! मले असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की आवरेच ना. फोनवाल्यायनं तेवढंच घेतलं. पुढचं योगेशनं काढलंच नाई. पुढं मी वाळूत बसली अन् शेजारच्या गंगूबाईनं मले उचलून उभं केलं. मले तवा समजलं, आता माह्यासंग भांडाले कोनीच येनार नाई.

हे तुमाले इतके दिवस कावून सांगतलं नाई? तं कावळ्यापुढं हरनं वेगळं, अन् ननंदेपुढं हरनं वेगळं. येड्या बह्याडावानी ऐटीत बसली. पन तुमी बोलनं सोडलं तसं घर आनखी सुनं झालं. तुमच्यासंग बोलताना मले त्यायचा आवाज ऐकू येते वो बाई, तुमी दोघं सारखेच नाकात बोलता.

८ तारखेलेच या. योगेश गाडी घेऊन येईन, पाय लांब करून बसा. रात्रीच्या जेवनाले रोडगे हायेत. गोवऱ्या मी पेटवन, रोडगे मी भाजन, वांगे मी चिरून देईन. भाजीले मी हात लावनार नाई.

तुमच्या भावाची, अन् आता तुमच्यापुढं हरलेली,
वहिनी जयवंता