बाकावर बसायचं म्हणजे

महाल, नागपूर
१९ ऑगस्ट १९७४

प्रिय विश्वनाथदादा,

बाक मिळाला की पेढे वाट, असा तुझा निरोप मिळाला. पेढे राहू दे. बाक मिळाला नाही, आणि आता दिला तरी मी त्यावर बसणार नाही. शी! कालपासून अन्न गोड लागत नाही.

आपल्या रेडिओ मेकॅनिक मंडळाची रीत तुला ठाऊकच आहे. काम कितीही येवो, उस्ताद मनोहररावांनी बाकावर बसवलं नाही तोवर माणूस नवशिकाच, बसायचं खाली सतरंजीवर. आणि बाक नसेल तर बर्डीच्या बाजारातला एकही दुकानदार दुरुस्तीला सेट देत नाही, बाईला तर नाहीच नाही. तू जबलपूरला गेलास, आई गेली, तेव्हापासून माझे डोळे त्या बाकाकडेच लागलेले.

काल मनोहररावांनी एक मेलेला सेट माझ्यापुढे ठेवला. मी तो बोलता केला. सगळे वाहवा म्हणाले, मला वाटलं झालं. कसलं काय! त्यांनी एक कंडेन्सर वीज भरून चार्ज केला आणि हळूच माझ्या हातात दिला. समोर गोविंदा बसला होता. चाळिशीचा माणूस, हातमाग बंद पडला म्हणून नवाच शिकायला आलेला. त्याच्याकडे फेकायचा, त्याने झेलायचा, झटक्याने किंचाळायचं, मंडळींनी हसायचं, की मी झाले मेकॅनिक! मी नवी असताना मलाही असाच झटका दिला होता, कितीतरी दिवस बोटं थरथरत होती. तेव्हा वाटलं होतं कुणाचा तरी वात्रटपणा असेल. ही बाकाची पायरी आहे हे मेलं काल कळलं.

फेक नं वं मनकर्णे, काहून थांबून राहिली, म्हणून सगळे मागे लागले. गोविंदाने तर प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हात पुढे केले. दादा, हसायला टपलेल्या त्या तोंडांची अशी किळस आली मला! मी त्याच्या दोन्ही टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि आतली वीज काढून कंडेन्सर तिथेच फाटकन मोकळा केला. ठिणगी पाहून गोविंदा मागे सरकला. मग हळूच म्हणाला, ताई, हे मलेच होतं का?

मनोहरराव म्हणाले, बाईमाणूस शेवटी बाईमाणूसच, जा, पोळ्या लाट. तेही गिळलं असतं. पण मी चपला घालत असताना ते म्हणाले, अवं, ही रीत तुझ्या विश्वनाथदादानंच पाडली, त्याची तरी लाज राखाची होती.

म्हणून हे पत्र. सेटला हात लावायच्या आधी कंडेन्सर मोकळा करायचा, हे मला हात धरून तूच शिकवलंस. मनोहरराव खोटं बोलत असतील तर त्यांना तसं खरमरीत लिही. खरं बोलत असतील तर मला काही लिहू नकोस. येत्या रविवारपासून गोविंदा आणि मी शेजारपाजारचे सेट घेऊन आपल्या ओसरीवर कामाला बसतो आहोत, दोघंही सतरंजीवर. तुझी हत्यारं पोत्यात बांधून ठेवली आहेत. तुझं उत्तर येईपर्यंत त्यांना हात लावणार नाही.

अजून तरी तुझीच,
मनकर्णा