कोंबड्यांचा परकर

अकोला, रवि. १० डिसें. १९६१

पातूरचे वानखडे घरी येऊन गेले. दादाच्या पलटणीतले. काँगोत युनोच्या फौजेबरोबर होते, आजारी पडले म्हणून परत पाठवले. चेहरा पिवळा, आवाज मात्र मोठा. दादा बरा आहे म्हणाले. पेपरात रोज तिकडच्या लढाईचे छापून येते, त्याचे विचारले तर म्हणाले, पेपरवाल्याले काय काम हाय. मायचे तेवढ्यावर समाधान झाले. माझे नाही.

दादाने त्यांच्याजवळ कापड पाठवले आहे, धाकट्या बहिणीसाठी, विमलसाठी. साडेतीन वार, पन्हा मोठा. निळ्यावर पिवळे-लाल कोंबडे, एकेक वीतभर उंच, तुरे वर. मेणाने छापतात असे दादाने चिठ्ठीत लिहिले आहे. हाताला कडक लागते. उलटी बाजू कोणती ते शोधत बसलो. नाहीच. दोन्हीकडून रंग सारखा. असे कापड आमच्या दुकानात कधी आले नाही.

चिठ्ठीत पुढे: इथल्या बाया याचा पायघोळ घेर घालतात आणि अशा चालतात की रस्ता त्यांचाच. विमलला तसाच शिवून दे. तूच शिव. अंगावर घालून फोटो काढ, पाठव.

"तूच शिव" याखाली रेघ. दादाला वाटते मी टेलर झालो. मी काज-बटण करतो, तुरपाई करतो, इस्त्रीत कोळसा घालतो. मशीनवर सरळ शिलाई देतात. कात्रीला मास्तर हात लावू देत नाहीत.

माय म्हणाली, "कोंबडे घालून फिरते का कोनी? गादीच्या खोळीले चांगलं हाय." वि.ने दिवसभर कापड सोडले नाही.

शनि. १६ डिसें.

वि.च्या शाळेत १३ जानेवारीला गॅदरिंग. त्यात 'देशोदेशीच्या स्त्रिया' असा कार्यक्रम. सहा मुली, सहा देश. वि.ला आफ्रिका मिळाली. मला बरे वाटले. म्हटले, बाईंच्या कानावर कापडाचे गेले असेल. खरे कापड, खऱ्या देशाचे. जपान झालेली डॉक्टरची मुलगी आईचे रेशमी पातळ गुंडाळणार आहे म्हणे.

मास्तरांना (मा.) विचारले, सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून परकर कापू का. मा. पान लावत होते. म्हणाले, "कात्री मी मारतो. तू शिव." मी म्हटले, दादाने मला सांगितले आहे. तर म्हणे, दुसऱ्या दुकानात तुझ्यासारख्याला उंबऱ्याच्या आत बसू दिले असते का, ते आधी सांग.

तुझ्यासारख्याला. हे ते हसत बोलतात. गिऱ्हाईकही हसते. मी तुरपाईवर मान घालतो.

बुध. २० डिसें.

आज कापड कापले. लिहून ठेवतो.

आठ कळ्यांचा परकर. कळी म्हणजे कमरेला अरुंद, पायाशी रुंद. मा. नेहमी एक कळी सुलटी, शेजारची उलटी अशी मांडतात. रुंद टोकाशेजारी अरुंद टोक बसते, कापड वाचते. बारीक बुट्टीच्या चिटाला चालते, बुट्टीला डोके-पाय नसतात. कोंबड्याला असतात.

मी बोललो. पण कात्री चालू झाल्यावर बोललो. "मास्तर, कोंबडे."

"काय कोंबडे?"

"एकाआड एक उलटे येतीन."

"शिकवतं का बे मले?"

तोवर दुसरी कळी सुटली होती. मग मी उभा राहून सगळ्या कापून होऊ दिल्या. खडू माझ्या हातात होता, टेप माझ्या गळ्यात होती, कापड माझ्या भावाचे होते. घसा मात्र दुसऱ्या कोणाचा होता.

वारापेक्षा चार बोटे जास्त कापड उरले. मा.नी गुंडाळी करून टेबलाखाली टाकले. उरले ते दुकानाचे, हा नियम. मला ठाऊक आहे. रोज कतरण मीच झाडून गोळा करतो.

घरी येऊन कागदाच्या कळ्या फाडून जमिनीवर मांडून पाहिल्या. सगळ्या एका दिशेने मांडल्या असत्या तरी कापड पुरत होते. फक्त उरले काही नसते.

म्हणून.

रवि. २४ डिसें.

कळ्या जोडल्या. एक कोंबडा उभा, एक डोक्यावर. एक उभा, एक डोक्यावर. मायला हसू आवरेना. "हे तर हाटातले टांगलेले," म्हणाली. पदराने डोळे पुसत होती. वि. हसली नाही. घालून पाहिला, एक गिरकी घेतली, म्हणाली, "चालते भाऊ. फिरलं की दिसत नाई."

चालते म्हणाली ते माझ्यासाठी, हे मला समजते. त्यानेच जास्त चीड आली. कोणावर ते ठरवता येईना, म्हणून मायवर ओरडलो. जेवलो नाही.

दादाचे पत्र नाही. वानखडे आले तेव्हापासून नाही.

गुरु. २८ डिसें.

मा.च्या स्टुलावर नवी गादी. दादाचे कोंबडे. कापड न कापता दुहेरी घडी घालून चहूकडून टाके घातले आहेत आणि आत कापूस. मा. त्याच्यावर बसून मशीन चालवतात. एक गिऱ्हाईक म्हणाले, वा मास्तर, विलायती का? मा. म्हणाले, आपल्याले येत असते असं.

दिवसभर मी त्यांच्या मागे बसून काज केले. समोर तेच.

मंगळ. २ जाने. १९६२

परकर दाखवायला बोलावले म्हणून वि.च्या शाळेत गेलो. गॅदरिंगचे काम आठल्येबाईंकडे. बाई चांगल्या बोलतात, मला बसा म्हणाल्या. मी उभाच राहिलो. परकर उलगडून दाखवला आणि काही विचारायच्या आत सांगून टाकले, की चार कळ्या उलट्या झाल्या आहेत, मला वाईट वाटते आहे.

बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, हबशिणीचाच तर पोशाख. त्यांच्यात उलटं काय नि सुलटं काय. कोणाला कळणार आहे?"

मी म्हटले, कापड तिथलेच आहे, भाऊ तिकडे लष्करात आहे. बाईंना ते ठाऊकच नव्हते. "हो का?" म्हणाल्या. "मी तर विमलला दिवाळीच्या सुट्टीआधीच निवडलं होतं. तिला काजळी कमी लागेल. बाकीच्या मुलींना किती चोपडावी लागली असती." मग मोजायला लागल्या: गळ्यात हाडांची माळ (खडूची करणार), हातात भाला, डोक्यात पिसे. वि.ने स्टेजवर उड्या मारत यायचे. जपान हळू चालत येणार. इंग्लंड छत्री घेऊन येणार.

मी नमस्कार करून निघालो. नमस्कार करून! फाटकाबाहेर आल्यावर परकराची घडी घातली, ती नीट बसेना, पुन्हा घातली. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. एका गाडीवाल्याने बाजूला हो म्हणून शिवी दिली. त्या शिवीला उत्तर दिले. बाईंना देता आले नाही.

बाई म्हणाल्या ते मीही मनाशी म्हटले होते. २४ तारखेला, गिरकी पाहून. कोणाला कळणार आहे. खोटे कशाला लिहू.

बुध. ३ जाने.

वि.ला सांगितले, तू त्या कार्यक्रमात जायचे नाही. कारण सांगणार नव्हतो, पण सांगितले.

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "मले ठाऊक हाय," म्हणाली. "तुले काय वाटलं भाऊ, बाई मले जपान देईन?"

"मंग जातं कावून?"

"कापड आलं म्हनून. नसतं आलं तर मी ताप आला म्हनून सांगनार होती."

आणि मग, तव्याकडे पाहत: "उड्या नाई मारत मी. दादानं लिवलं तशी चालतो. बाईनं काहीबी म्हनू दे."

तिला अजून सोळावे संपले नाही. मला एवढे बोलायला काय झाले होते.

शुक्र. ५ जाने.

सकाळी उसवायला बसलो. आठही कळ्या सुट्या केल्या. चार सुलट्या बाजूला काढल्या. उलट्या चार फिरवून उपयोग नाही, रुंद टोक कमरेला येते. नव्या हव्यात. नव्यांना कापड एकच, आणि ते मा.च्या खाली.

दुकानात गेलो. मा. त्यावर बसलेले. मी म्हटले, मास्तर, गादीचे कापड परत द्या, परकर बिघडला आहे. ते म्हणाले, उरले ते दुकानाचे. मी म्हटले, सरळ मांडणी केली असती तर उरलेच नसते. हे मी मोठ्याने म्हटले. दोन गिऱ्हाइके होती. पलीकडच्या मशीनचा पाय थांबला.

मा. उठले. गादी उचलून माझ्या अंगावर टाकली. "घेऊन जाय. अन् उद्या येऊ नको."

मी तिथेच खाली बसून टाके उसवले. कापूस काढून स्टुलावर ठेवला, सांडू दिला नाही. घाई केली नाही. मा. म्हणत होते, पाहा, सापाले दूध पाजलं मी. इतक्यांच्या देखत. टेप गळ्यातून काढून खिळ्याला टांगली.

मायला अजून सांगितले नाही.

रवि. ७ जाने.

आमच्याकडे कात्री नाही. शेजारी रहीमभाई गाद्या भरतात, त्यांची आणली. मोठी, जड, खोळी कापायची. धार बरी आहे. खडू नव्हता, साबणाच्या पातळ तुकड्याने खुणा केल्या.

पहिली कळी मांडून किती वेळ बसून राहिलो. तुरे कमरेकडे, पाय जमिनीकडे. पुन्हा पाहिले. वि. म्हणाली, "काप ना भाऊ, तो उडून नाई जात." कापली. कापड चांगले कापते, धागा सुटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताने कापलेली कळी. आनंद व्हायला हवा होता. दात आवळून कापली, दुखत आहेत.

तीनच बसल्या. चार आणि तीन, सात. घेर एका कळीने कमी. नेफा पहिलाच ठेवला, जास्तीचा आत दुमडला. सगळे हाताने शिवतो आहे, मशीन नाही.

मायला कळले. म्हणाली, अमरावतीच्या मामाकडे जाय, तिथं दुकानात बसवते काय ते पाहाय. मग म्हणाली, तुह्या बापालेबी असाच राग येत होता, अन् असाच उशिरा.

गुरु. ११ जाने.

शिवून झाला. वि.ने घातला. सगळे उभे आहेत.

मायने खाली वाकून एका कोंबड्यावरून हात फिरवला. हसली नाही.

रवि. १४ जाने.

काल गॅदरिंग. शेवटच्या रांगेत पुरुष पालकांना जागा. जपान आली, हळू चालली. इंग्लंड छत्री घेऊन आली. रशिया, ब्रह्मदेश, अरबस्तान. मग पडदा पडला आणि बक्षीससमारंभ सुरू झाला. आफ्रिका आलीच नाही.

मागच्या बाजूला धावत गेलो. वर्गाच्या भिंतीशी वि. एकटी उभी. अंगात परकर. तोंडाला काजळी लावलेली, अर्धी पुसलेली, गालावर ओरखडे. तिने ती हातांनी पुसली होती. दोन्ही पंजे काळे. ते तिने अंगापासून दूर, दोन बाजूंना धरले होते, पक्ष्याने पंख धरावे तसे. परकराला लागू नये म्हणून. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे.

एवढेच बोलली: "म्या सांगतलं, मी अशीच जातो. तोंड पुसलं. तर बाई म्हने, मंग जाऊ नको."

मी आत जायला वळलो. या वेळी घसा माझाच होता. काय बोलायचे तेही ठरले होते. वि. म्हणाली, "भाऊ, नको. मले घरी ने. माहे हात दुखून राह्यले."

नळाला पाणी नव्हते. मोर्णेच्या पुलावरून चालत आलो. ती हात तसेच लांब धरून. कापसाच्या गाडीवरचे लोक पाहत होते, कोणी शीळ घातली, कोणी "ओ कोंबडेवाली" म्हणाले. ती वळली नाही, घाई केली नाही. दादाने लिहिले तशीच चालली. मी एक पाऊल मागे होतो. मुठी वळलेल्या, आणि मारायला समोर कोणी नाही.

घरी मायने पाणी तापवले. परकरावर एक डाग नाही. उजेडात धरून मी सगळ्या कळ्या पाहिल्या.

सोम. १५ जाने.

मा.चा निरोप. गिऱ्हाइकांचे लगीनसराईचे कपडे अडले आहेत, ये म्हणतात, झाले ते झाले. मामाचेही कार्ड आले, अमरावतीला एका दुकानात विचारले आहे, कात्रीचे काम देतील की नाही सांगता येत नाही. दोन्ही पुढ्यात ठेवून बसलो आहे. मा.कडे गेलो तर स्टुलावर दुसरी कसली तरी गादी असेल.

आठल्येबाईंना भेटायचे मनातून जात नाही. वि. म्हणते, तिला त्याच शाळेत मॅट्रिक व्हायचे आहे. हे खरे आहे आणि हेच सहन होत नाही.

दादाचे पत्र नाही. पेपरात आज काँगोचे काही नाही. हे चांगले की वाईट?

वि. फोटोला तयार होऊन बसली आहे. कानामागे थोडी काजळी राहिली आहे, मायने दोनदा पुसली, जात नाही. फोटोत ती दिसणार नाही. निळा, लाल, पिवळा हेही दिसणार नाहीत. दादाला रंग ठाऊक आहेत. कोंबडे उभे आहेत एवढे त्याला दिसले म्हणजे

वि. हाक मारते आहे. निघतो.