खोळीतला टोप

नाना,

मला तुमचा राग येतो. इतकी वर्षं हे कोणाला बोलले नाही, कारण गेलेल्या माणसाबद्दल आपल्या घरात चांगलंच बोलायची पद्धत, आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलायला इतकं आहे की रागाची पाळीच येत नाही. पण परवा सीपरी बाजारातून येताना एका दुकानापुढे एक माणूस तोंडाला नुसता गमछा बांधून लोखंडी फाटकावर रंगाचा फवारा मारत होता. मी रिक्षा थांबवली आणि भर रस्त्यात त्याला वाट्टेल ते बोलले. तो काय म्हणाला ते मला नीट ऐकूही आलं नाही. रिक्षावाल्याने सांगितलं, "कह रहा है, अम्मा घर जाओ, धूप तेज है." बरोबरच होतं त्याचं. मला बोलायचं होतं ते तुम्हाला.

तुम्ही तो टोप पहिल्यांदा घरी आणलात तो दिवस मला लख्ख आठवतो. कारखान्याच्या मालकांनी कलकत्त्याहून मागवलेला, डोक्यापासून खांद्यापर्यंत येणारा, पुढे काच आणि मागे स्वच्छ हवेची नळी जोडायला तोंड. तुमच्या खात्यात झिजलेले दांडे यायचे, पंपांचे, गिरण्यांचे. आधी हवेच्या जोराने त्यांच्यावर बेतवा नदीची वाळू मारायची, अंग खरखरीत करायचं, आणि मग पिस्तुलासारख्या यंत्रातून वितळलेल्या धातूचा फवारा मारून झीज भरून काढायची. टोप त्या वाळूच्या खोलीसाठी होता. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, म्हणून मला हाक मारलीत. शेजारच्या दोघांना मुद्दाम बसवून घेतलंत, मुलगी कॉन्व्हेंटात जाते ते त्यांना दिसावं म्हणून. मी उभी राहून वाचते आहे, एकेक वाक्य आणि मग त्याचं मराठी. टोप घातल्याशिवाय वाळूच्या खोलीत पाऊल टाकू नये. हवेची नळी आधी तपासावी. वाळूने काच झिजून आंधळी होते, तेव्हा ती वेळोवेळी बदलावी. तिथे तुम्ही मला थांबवलंत. परत वाचायला लावलंत. एवढ्या सगळ्या वाक्यांतून तुम्ही नेमकं तेवढंच ऐकलंत, की काच खराब होते.

मालक म्हणाले होते, महँगी चीज़ है, काका, सँभालके. आणि तुम्ही सांभाळलात. आईने जुन्या इरकली लुगड्याची खोळ शिवून दिली, काठ पुढच्या बाजूला येईल अशी. खंडेनवमीला तुम्ही टोप घरी आणून पाटावर मांडायचात, हळदकुंकू वाहायचात, आणि काचेवर उडालेलं कुंकू लगेच धोतराच्या सोग्याने पुसायचात. एकदा मी तो गंमत म्हणून डोक्यावर चढवला. जन्मात कधी आवाज चढवला नाहीत माझ्यावर, पण त्या दिवशी ओरडलात, काचेला बोटं लावू नकोस म्हणून. मी रडले, तर संध्याकाळी माझ्यासाठी पेढे आणलेत. नाना, पेढे आणणाऱ्या माणसावर रागावणं किती अवघड असतं, तुम्हाला कळतं का?

चिरगावचा तुमचा सोबती तेवढा तुम्हाला टोचायचा. एका सुट्टीत मी कारखान्यात तुमचा डबा घेऊन आले होते. वाळूच्या खोलीतून तुम्ही बाहेर येत होतात, भुवया, मिशी, पापण्या सगळं पिठासारखं पांढरं, आणि नाकावर त्याच लुगड्याचा उरलेला ओला तुकडा बांधलेला. खोळीतला टोप कपाटावर होता. तो म्हणाला, "काका, जो टोप कौन के ब्याह के लाने धरो है?" कोणाच्या लग्नासाठी राखून ठेवलाय म्हणे! सगळे हसले, तुम्हीही हसलात. मला हिंदी न समजणाऱ्या पाहुणीसारखं बाजूला घेऊन मराठीत म्हणालात, "एकच आहे गं. रोज घातला तर दिवाळीपर्यंत आंधळा होईल. मग सरकारी साहेब तपासणीला आला तर दाखवायचं काय?"

आणि साहेब यायचा. तुम्ही खोळ काढायचात, तो काच निरखायचा, व्हेरी गुड म्हणून चहा प्यायचा. ज्या काचेवर एक ओरखडा नाही ती काच वाळूत कधी गेलीच नाही, हे त्याला कळलं नसेल? मालकांना कळलं नसेल? कळलं होतं, नाना. त्या सगळ्यांना कळलं होतं. एक टोप आणून त्यांनी हात झटकले, आणि त्यांचा खोटेपणा तुम्ही इमानदारीने सांभाळलात. त्यांच्यावर तर मी रागावतेच. पण त्यांच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती.

जस्ताचा फवारा असला की सोमवारी संध्याकाळी तुम्हाला हुडहुडी भरायची, मंगळवारी उतरायची. आई म्हणायची, रविवारचं न्हाणं बाधतं यांना. म्हणून तुमचं रविवारचं डोक्यावरून न्हाणं बंद झालं. बाधत होता तो जस्ताचा धूर, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त; आम्ही किती प्रेमाने चुकत होतो. मग खोकला आला, आणि क्षयाची औषधं वर्षभर घेऊनही हटला नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून, फुप्फुसांत साचलेली धूळ बघत विचारलं, पत्थर तोड़ते थे क्या? तुम्हाला अपमान वाटला. धाप लागलेली असताना म्हणालात, कारीगर हूँ साहब.

नोकरी सुटली तेव्हा तुम्ही टोप परत केलात. मालकांनी तो सगळ्यांपुढे उंच धरला आणि म्हणाले, देखो, आज भी नया है. प्रेमनगरच्या आपल्या घरात खाटेवर उशांना टेकून, भेटायला येईल त्याला तुम्ही हेच सांगायचात, मधेमधे श्वासासाठी थांबत: जसा आला तसा परत दिला. मी पाणी घेऊन उभी असायचे. मला तो पेला भिंतीवर फेकावासा वाटायचा. काच बदलता येते असं त्या पत्रकात छापलं होतं, आणि मी ते तुम्हाला दोनदा वाचून दाखवलं होतं.

हे कागद कुठे धाडणार? देवांच्या फडताळात ठेवून देईन. एक मात्र सांगायला हवं, नाहीतर इतकं बोलणं बरं नाही. माझे कान गेलेत हल्ली. मुलाने चांगलं महागाचं यंत्र आणून दिलं आहे, अगदी इवलंसं. ते मी डबीत कापूस घालून कपाटात ठेवलंय. लग्नकार्य असलं तरच लावते. घामाने खराब होतं म्हणतात.